लाइट बरोबर, तरी लिंक मरते: फायबर ओळखण्यापासून डिस्पर्शनच्या हिशोबापर्यंत, क्रमाने

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या केबलवाल्यांची आणि छोट्या इंटरनेटवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते. पॉवर मीटरवर लाइट मस्त येतेय, उणे १८ डीबीएम वगैरे, एसएफपीच्या (स्विचमध्ये खोचायच्या, लाइट पाठवणाऱ्या-घेणाऱ्या मॉड्यूलच्या) रेंजमध्ये आहे, तरी एरर वाढतायत, कधी लिंक उठतच नाही. मग पोरं जॉइंट कापून नवे मारतात, कनेक्टर बदलतात, शेवटी कोणीतरी म्हणतो बूस्टर लावूया, तो पण लावतात आणि एरर तशाच. पॉवर मीटर फक्त लाइट किती आली ते सांगतो, कुठल्या आकारात आली ते त्याला कळत नाही. आकार बिघडतो तो डिस्पर्शनमुळे, म्हणजे लाइटचा पल्स वाटेत पसरत गेल्यामुळे, आणि प्रत्येक किलोमीटरला डिस्पर्शन किती होणार हे फायबरच्या आतल्या रचनेवर ठरतं, ते तुम्ही जॉइंट मारून बदलू शकत नाही.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. बहुतेक लोक टप्पा ४ पासून सुरू करतात आणि टप्पा ५ करतच नाहीत.

टप्पा १: केबलमध्ये फायबर कुठली आहे ते आधी कळू द्या

केबलच्या बाहेरच्या आवरणावर छापलेलं असतं, मीटरच्या आकड्याबरोबर. तिथे जी.६५२.डी, जी.६५७.ए१, जी.६५७.ए२, जी.६५५ असं काहीतरी सापडेल, ही फायबरच्या प्रकारांची ठरलेली नावं. जुनी केबल पाच-सहा पावसाळे पोलवर असली की उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने छपाई उडालेली असते, मग क्लोजरच्या (जॉइंट ठेवायच्या बंद डब्याच्या) आत जिथे आवरण झाकलेलं राहतं तिथे बघा. भाड्याने डार्क फायबर (दुसऱ्याने टाकलेली, लाइट न सोडलेली) घेत असाल तर चार गोष्टी लेखी मागा: फायबरचा प्रकार, एकूण लांबी, जॉइंट किती, आणि दोन्ही बाजूने काढलेले ओटीडीआर ट्रेस (ओटीडीआर म्हणजे फायबरमध्ये पल्स सोडून कुठे किती लाइट कमी होते ते दाखवणारं यंत्र). तोंडी "सिंगल मोडच आहे हो" हे उत्तर चालणार नाही, कारण जी.६५५ पण सिंगल मोडच (लाइटला एकच वाट असलेली) असते आणि तिचा हिशोब पूर्ण वेगळा निघतो.

पॅचकॉर्डच्या रंगावर जाऊ नका. पिवळी सिंगल मोडची, नारिंगी जुन्या मल्टिमोडची (खूप वाटा असलेली), आकाशी ओएम३-ओएम४ या नंतरच्या मल्टिमोडची हे बरोबर, पण तो रंग त्या पॅचकॉर्डचा आहे, भिंतीतल्या केबलचा नाही. जुन्या हॉटेलात किंवा कॉलेजात रॅकला पिवळी कॉर्ड लावलेली आणि आत ६२.५ मायक्रॉनची मल्टिमोड, असं होऊ शकतं.

तपासणी: एकाच मार्गावर मधे दुरुस्तीला दुसऱ्या कंपनीची केबल जोडली आहे का? हायवेच्या चौपदरीकरणात जेसीबीने तोडलेल्या केबलींना अशी बरीच ठिगळं असतात. प्रत्येक ठिगळाचा प्रकार आणि लांबी वेगळी लिहून ठेवा, टप्पा ५ मध्ये लागणार आहे.

टप्पा २: आतली रचना काय करते ते एकदा नीट समजून घ्या

हा टप्पा वाचायला कंटाळा येईल पण इथेच सगळं आहे. फायबर म्हणजे मधे कोअर आणि भोवती क्लॅडिंग, बाहेरचा व्यास १२५ मायक्रॉन. कोअरच्या काचेचा अपवर्तनांक क्लॅडिंगपेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो, सिंगल मोडमध्ये हा फरक जेमतेम ०.३-०.४ टक्के. कोअर केवढा, फरक केवढा आणि तो फरक कडेला एकदम पडतो की हळूहळू उतरतो, या तीन गोष्टींवर बाकी सगळं ठरतं.

मल्टिमोडमध्ये कोअर ५० किंवा ६२.५ मायक्रॉन, त्यामुळे लाइटला जायला खूप वाटा. सरळ जाणारा किरण लवकर पोचतो, आपटत जाणारा उशिरा. दहा बाइकवाले रत्नागिरीतून एकदम सुटले तरी आरे-वारेच्या वळणांवरून गणपतीपुळ्याला पोचेपर्यंत त्यांची लांबलचक रांग होते, तसाच हा पल्स पसरतो. कोअरचा अपवर्तनांक सगळीकडे सारखा आणि क्लॅडिंगपासूनचा फरक १ टक्का धरला तर हा पसारा किलोमीटरला साधारण ५० नॅनोसेकंद होतो. म्हणून ग्रेडेड इंडेक्स काढली, मधे अपवर्तनांक जास्त आणि कडेकडे कमी होत जाणारा, म्हणजे लांबच्या वाटेचा किरण कडेला जोरात पळतो आणि बरोबरीने पोचतो. पसारा नॅनोसेकंदाच्याही खाली येतो, पण संपत नाही. त्यामुळे १० जीचं (सेकंदाला १० गिगाबिटचं) एसआर, म्हणजे कमी अंतराचं, मॉड्यूल ओएम३ वर ३०० मीटर, ओएम४ वर ४०० मीटर आणि जुन्या ओएम१ वर फक्त ३३ मीटर चालतं. ३३ मीटरवर लाइट भरपूर असते हो, संपते ती बँडविड्थ.

सिंगल मोडमध्ये कोअर ८-९ मायक्रॉनचा, वाट एकच. मग पसारा कशाने? लेझर कधीच एकाच रंगाची लाइट देत नाही, थोडी रुंदी असतेच, आणि काचेत वेगवेगळ्या वेव्हलेंग्थ वेगवेगळ्या वेगाने जातात. हे झालं क्रोमॅटिक डिस्पर्शन, आणि त्याचे दोन भाग आहेत. एक काचेचा स्वतःचा, जो शुद्ध सिलिकात १२७० नॅनोमीटरच्या आसपास शून्य होतो. दुसरा रचनेचा: लाइट पूर्ण कोअरमध्ये राहत नाही, थोडी क्लॅडिंगमधून पण चालते, आणि किती चालते ते वेव्हलेंग्थवर अवलंबून. हा दुसरा भाग उलट दिशेने काम करतो म्हणून साध्या फायबरमध्ये शून्याची जागा सरकून १३१० जवळ येते. जी.६५२ मध्ये ती १३०० ते १३२४ च्या मधे असते.

पण लॉस (वाटेत कमी होणारी लाइट) सगळ्यात कमी १५५० ला, आणि तिथे जी.६५२.डी चं डिस्पर्शन १७ पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर-किलोमीटर. मग जी.६५३ काढली, कोअर बारीक करून आणि अपवर्तनांकाचा फरक वाढवून शून्य थेट १५५० ला नेलं. ऐकायला झकास. डीडब्ल्यूडीएमचे (एकाच फायबरवर जवळजवळच्या बऱ्याच वेव्हलेंग्थचे) चॅनल टाकल्यावर मात्र सगळे रंग एकाच वेगाने बरोबर चालत राहिले, एकमेकांत मिसळून नवेच नको ते रंग तयार करायला लागले, याला फोर वेव्ह मिक्सिंग म्हणतात. म्हणून पुढे जी.६५५ आली, जिच्यात १५५० ला मुद्दाम थोडं डिस्पर्शन ठेवलेलं असतं, बहुतेक केबलींत ४ ते ८ च्या मधे. थोडक्यात डिस्पर्शन शून्य म्हणजे भारी फायबर हा गैरसमज सोडा.

आणि जी.६५७? ही वाकणं सहन करायला बनवलेली. कोअरभोवती कमी अपवर्तनांकाची एक चर ठेवतात, वाकवलं तरी लाइट बाहेर सांडत नाही. ए१ ला १० मिलिमीटर त्रिज्या, ए२ ला ७.५. ए प्रकार जी.६५२.डी शी जुळवूनच बनवलेला आहे त्यामुळे तो साध्या फायबरला बिनधास्त जोडता येतो आणि डिस्पर्शनचा हिशोबही तोच धरायचा.

टप्पा ३: वेव्हलेंग्थ आणि मॉड्यूल ठरवा, स्वस्त बघून नाही

एसएफपीच्या डबीवर "२० किमी" लिहिलेलं असतं, लोक तेवढंच वाचतात. आत लेझर कुठला आहे ते बघा. एफपी आणि डीएफबी हे लेझरचे दोन प्रकार. एफपी लेझरची लाइट २-४ नॅनोमीटर रुंद असते, डीएफबीची खूप अरुंद.

हिशोब सोपा आहे. पसारा म्हणजे डिस्पर्शन गुणिले लांबी गुणिले लेझरची रुंदी. एफपी लेझर १५५० वर, रुंदी ३ नॅनोमीटर, लांबी २० किमी: १७ × २० × ३ = १०२० पिकोसेकंद. १ जी इथरनेटचा एक बिट ८०० पिकोसेकंदाचा. म्हणजे पल्स शेजारच्या बिटावर चढला, लिंक गेली, आणि लॉस बघाल तर पाच-सहा डीबी फक्त. तोच एफपी १३१० ला लावला तर डिस्पर्शन शून्याजवळ, काही त्रास नाही. म्हणून १३१० ला एफपी चालतो, १४९० किंवा १५५० ला लांब जायचं तर डीएफबीच.

इशारा: एकाच फायबरवर चालणारी जोडीची मॉड्यूल, ज्यांना बायडी म्हणतात, ती घेताना दोन्ही टोकांची माहिती वेगवेगळी बघा. १३१० वालं टोक एफपी असलं तरी चालेल, समोरचं १५५० वालं डीएफबी पाहिजे. स्वस्त जोड्या घेताना हे विचारून घ्या.

८५० नॅनोमीटरचं एसएक्स मॉड्यूल सिंगल मोडला लावून "थोडं चालतंय" म्हणून तसंच ठेवणारे पण आहेत. सिंगल मोड फायबर १२६० च्या खाली सिंगल मोड राहतच नाही, शिवाय त्या बारीक कोअरमध्ये त्या लेझरची बरीचशी लाइट शिरतच नाही. काढा ते.

टप्पा ४: लॉस बजेट

हा बहुतेकांना येतो म्हणून पटकन. समजा चिपळूणहून गुहागरला १० जी न्यायचंय, लूप वगैरे धरून केबल ५० किमी. ड्रम २ किमीचे, म्हणजे मधले जॉइंट २४ आणि दोन टोकांचे पिगटेल (कनेक्टर लावलेले छोटे तुकडे), एकूण २६.

१५५० वर: ५० × ०.२२ = ११ डीबी, जॉइंट ०.१ ने २.६, कनेक्टर दोन मिळून १, पुढच्या दुरुस्त्यांसाठी ३. एकूण १७.६ डीबी.
१३१० वर: ५० × ०.३५ = १७.५, बाकी तेवढंच, एकूण २४.१ डीबी.

दुरुस्तीचे ३ डीबी कमी करू नका. पावसाळ्यात माड पडणार, झावळी लटकणार, रस्तावाले खणणार, आणि दर तुटीला दोन नवे जॉइंट येतात कारण मधे तुकडा घालावा लागतो.

१० जीचं ईआर म्हणजे ४० किमीवालं मॉड्यूल साधारण ११ डीबीच्या लिंकसाठी, ते इथे लाइटवरच बाद. ८० किमीवालं झेडआर २३-२४ डीबी झेपवतं, चालेल.

इशारा: झेडआर टेबलावर एक मीटरच्या पॅचकॉर्डने समोरासमोर जोडून टेस्ट करू नका. त्याचा रिसिव्हर उणे ७ डीबीएमच्या वर सहन करत नाही आणि ट्रान्समीटर अधिक ४ पर्यंत देऊ शकतो. मधे १५ डीबीचं अटेन्युएटर लावा नाहीतर रिसिव्हर जाईल.

घरगुती जीपॉन (स्प्लिटर लावून एका फायबरवर अनेक घरं) करणाऱ्यांसाठी इथेच थांबायची मुभा आहे. बी प्लस मॉड्यूलचे २८ डीबी, त्यात १:३२ स्प्लिटर १७ च्या आसपास खातो, बाकी केबल आणि जॉइंट. १४९० वर २.५ जी २० किमी न्यायला डिस्पर्शन आड येत नाही, तुमची लढाई लॉसशीच आहे. टप्पा ६ वर जा.

टप्पा ५: डिस्पर्शन बजेट, जे कोणी करत नाही

तेच चिपळूण-गुहागर घ्या. ५० किमी × १७ = ८५० पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर. हा आकडा मॉड्यूलच्या डेटाशीटमधल्या डिस्पर्शन टॉलरन्सशी जुळवायचा. ईआर मॉड्यूल बहुतेक ८०० पर्यंत, झेडआर १६०० पर्यंत. म्हणजे लाइट कशीबशी पुरवली असती तरी ईआर इथे अडखळलंच असतं.

यावर लोक विचारतात, लेझर अजून अरुंद घेतला तर? नाही चालत, कारण १० जीने लेझर चालू-बंद केला की सिग्नल स्वतःच साधारण ०.०८ नॅनोमीटर रुंद होतो. ८५० × ०.०८ = ६८ पिकोसेकंद, आणि १० जीचा बिट ९७ चा. तेच २.५ जीला रुंदी ०.०२, पसारा १७ आणि बिट ४००. स्पीड चौपट झाला की डिस्पर्शनमुळे मिळणारं अंतर सोळा पटीने घटतं. २.५ जीवर वर्षानुवर्षं मुकाट्याने चाललेली लिंक १० जी केल्यावर का मेली याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं, आणि लोक दोष देतात जुन्या जॉइंटना.

ठिगळं असतील तर प्रत्येक तुकड्याचा हिशोब वेगळा करून बेरीज करा. ३० किमी जी.६५२.डी आणि २० किमी जी.६५५ (समजा ४.५ वाली): ५१० + ९० = ६००. लॉससारखं सगळीकडे एकच आकडा लावून चालत नाही.

बेरीज टॉलरन्सच्या वर गेली तर तीन रस्ते. एक, मधे कुठेतरी स्विच ठेवून सिग्नल नव्याने बनवा, कोकणात मधलं गाव आणि वीज मिळत असेल तर हाच स्वस्त पडतो, फक्त लोडशेडिंगची सोय बघा. दोन, डिस्पर्शन कॉम्पेन्सेशन मॉड्यूल: आत उलट्या डिस्पर्शनची फायबर, उणे १०० वगैरेची, गुंडाळलेली असते. ८० किमीचे १३६० फेडायला तसली १४ किमी लागते, आणि तिचा लॉस सात-आठ डीबी, तो परत टप्पा ४ मध्ये धरा. तीन, कोहेरंट ऑप्टिक्स, जिथे हा पसारा चिपमध्ये गणिताने दुरुस्त होतो. महाग आहे पण लांबच्या १०० जीला आता तोच मार्ग.

बूस्टर या यादीत नाही. तो पसरलेला पल्स तसाच मोठा करतो.

केबल टीव्हीवाल्यांसाठी जाता जाता: १५५० वर अ‍ॅनालॉग सिग्नल पाठवताना थेट करंटने चालवलेला लेझर वापरला तर त्याची वेव्हलेंग्थ सिग्नलबरोबर हलते आणि डिस्पर्शन त्याचं चित्रातल्या डिस्टॉर्शनमध्ये रूपांतर करतं. लांबच्या लिंकला बाहेरून मॉड्युलेट होणारा ट्रान्समीटरच घ्या.

पीएमडीचं (लाइटच्या दोन ध्रुवीकरणांच्या वेगातल्या फरकाने होणाऱ्या पसाऱ्याचं) टेन्शन १० जीला नव्या केबलवर घेऊ नका. जी.६५२.डी ला मर्यादा ०.२ पिकोसेकंद प्रति वर्गमूळ किलोमीटर, १०० किमीला २ होतात, १० जी साधारण १० झेपवतं.

टप्पा ६: टाकणं आणि जॉइंट

जांभ्यात चर खणली की तळाला टोकं राहतात. पाइपाखाली मातीचा थर द्या, नाहीतर दाबाने फायबर जागोजागी किंचित वाकते आणि १५५० चा लॉस हळूहळू चढतो. १५५० ला लाइट कोअरबाहेर जास्त पसरून चालते म्हणून वाकण्याचा त्रास तिला आधी होतो. साकवाच्या कठड्याला केबल बांधताना टाय आवळू नका, आणि लूप गुंडाळताना जी.६५२.डी ला ३० मिलिमीटरच्या आत त्रिज्या नको. क्लोजरच्या ट्रेमध्ये हीच चूक सगळ्यात जास्त दिसते.

क्लोजर खड्ड्यात सोडायची सवय बंद करा. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला काय पाणी चढलं ते सगळ्यांनी बघितलंय. पोलवर, उंचावर, तोंड खाली करून, आणि सील घट्ट. किनाऱ्यापासून जवळ असाल तर पोलवरचे क्लॅम्प स्टेनलेस घ्या, साध्या लोखंडाला मीठ खातं.

जून ते सप्टेंबर जॉइंट मारायचे तर गाडीत बसून मारा. दमट हवेत आणि वाऱ्यात स्प्लायसिंग मशीनचा आर्क (फायबर वितळवून जोडणारी ठिणगी) बदलतो, त्यामुळे जागा बदलली की आधी आर्क कॅलिब्रेशन चालवा. ते दोन मिनिटांचं काम टाळून दिवसभर ०.१५ चे जॉइंट मारत बसण्यात अर्थ नाही.

इशारा: हिरवा कनेक्टर हिरव्यालाच, निळा निळ्यालाच. हिरव्याचं टोक ८ अंशात घासलेलं असतं, निळ्याला लावलं की मधे फट राहते, लॉस वाढतो आणि टोकं पण खराब होतात.

टप्पा ७: मोजणी, याच क्रमाने

१. कनेक्टर स्कोपने बघा, साफ करा, परत बघा. मगच लावा.

२. ओटीडीआर, लाँच केबल (यंत्र आणि मार्गाच्या मधली जादा फायबर) लावून, १३१० आणि १५५० दोन्हीवर. लाँच केबल नसेल तर पहिला कनेक्टर डेड झोनमध्ये लपतो. एखाद्या ठिकाणी १५५० चा लॉस १३१० पेक्षा ठळक जास्त असेल तर तिथे वाक आहे, जॉइंट कापू नका, ट्रे उघडून फायबर मोकळी करा. दोन्हीवर सारखाच असेल तर जॉइंट किंवा कनेक्टर.

३. दुसऱ्या टोकाकडून परत. जी.६५२ ला जी.६५५ जोडलेली असेल तर एका बाजूने जॉइंटमध्ये चक्क लाइट वाढलेली दिसते, दुसऱ्या बाजूने भलताच लॉस. दोन्हींची सरासरी हाच खरा आकडा.

४. लाइट सोर्स आणि पॉवर मीटरने एकूण लॉस, टप्पा ४ च्या बेरजेशी जुळवा. मीटरची वेव्हलेंग्थ बटण दाबून बदललीत का ते बघा.

५. ओटीडीआरवरची लांबी घेऊन डिस्पर्शनची बेरीज नव्याने करा. साधा ओटीडीआर डिस्पर्शन दाखवत नाही, पण तो फायबरची खरी लांबी देतो, जी केबलवर छापलेल्या मीटरपेक्षा थोडी जास्तच भरते कारण ट्यूब आत पिळलेल्या असतात.

६. शेवटी मॉड्यूल लावून रात्रभर एरर काउंटर चालू ठेवा. पिंग चालला म्हणून घरी जाऊ नका.

टप्पा ८: तरी एरर येतायत, तर कुठून बघायचं

बायडी लिंकवर एरर एकाच टोकाला येतात का ते पहिलं बघा. १३१० ऐकणाऱ्या टोकाला एरर म्हणजे बहुधा लॉस, कारण तिथे डिस्पर्शन नसतंच आणि लॉस जास्त असतो. १५५० ऐकणाऱ्या टोकाला एरर आणि लाइट कमी म्हणजे वाक शोधा. १५५० ला एरर, लाइट चांगली, कनेक्टर साफ, तर टप्पा ३ ला परत जा आणि लेझरचा प्रकार तपासा.

लाइट चांगली पण जास्तच चांगली असेल, उणे ५-६ वगैरे, तर रिसिव्हर ओव्हरलोड होतोय का ते अटेन्युएटर लावून पाच मिनिटांत कळतं. अटेन्युएटरने एरर गेल्या तर ओव्हरलोड होता. तशाच राहिल्या आणि मॉड्यूल १ जीचं टाकल्यावर त्याच फायबरवर एकही एरर नसेल, तर डिस्पर्शनवर संशय पक्का धरा आणि जास्त टॉलरन्सचं मॉड्यूल मागवा, क्लोजर उघडू नका.